आधी जिना, मग माडी

घर लहान पडू लागले की सर्वांची नजर वर जाते. हैदराबादेत नवी जागा घेऊन घर बांधणे आता थोड्यांनाच परवडते. त्यामुळे जुन्या वस्तीत ज्यांचे कौलारू बैठे घर आहे, त्यांना कौलांखालचा रिकामा पोटमाळा खुणावू लागतो. मुलांना अभ्यासाची खोली होईल, पाहुण्यांची सोय होईल, असे बेत घरोघरी चालतात. मात्र या बेतांत चर्चा होते ती खोलीची, खिडकीची आणि फरशीच्या रंगाची. जिना ‘कुठेतरी बसवू’ असे म्हणून सोडून दिला जातो.

आमचे सांगणे याच्या उलट आहे. जिन्याची जागा आधी ठरवा. खोली मागाहून लहानमोठी करता येते, जिना मात्र एकदा बसला की हलत नाही. शिवाय तो दोन्ही मजल्यांवरची जागा घेतो. वर एक खोली मिळवताना खाली आजी-आजोबांची खोली जाणार नाही ना, हा खरा प्रश्न आहे.

आपल्यापैकी अनेक घराण्यांची मुळे मराठवाड्यात आहेत. १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्याचाच भाग होता. तिकडच्या माळवदाच्या घरांत वर जायचे ते धान्य वाळवायला किंवा उन्हाळ्यात झोपायला. त्यामुळे जिना अरुंद आणि खडा असला तरी चालून जाई. वाड्यांमध्ये तर तो भिंतीच्या जाडीत काढत आणि वरच्या तोंडाला झडप ठेवत. झडप लावली की वरचा मजला सुरक्षित! जागा वाचे, संरक्षणही होई. पण ज्या खोलीत दिवसातून दहा वेळा चढ-उतार करायची, तिथे असा जिना उपयोगाचा नाही.

आता थोडे गणित करू. विद्यार्थी मित्रांनो, कागद-पेन्सिल घ्या. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या घरात पायरीची उंची १९ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि पाऊल ठेवायची रुंदी २५ सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी. समजा, खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंतची उंची ३.३ मीटर, म्हणजे ३३० सेंटिमीटर आहे. ३३० ला १९ ने भागले की १७ पेक्षा थोडे जास्त येते, म्हणून १८ चढ घ्यावे लागतील. प्रत्येक चढ सुमारे १८.३ सेंटिमीटरचा. शेवटचा चढ थेट वरच्या फरशीवर नेतो, म्हणून पाऊल ठेवायच्या पायऱ्या १७. त्यांची लांबी १७ गुणिले २५, म्हणजे ४२५ सेंटिमीटर.

पायरी सुखाची आहे की नाही हे पाहण्याची एक जुनी कसोटी आहे. १७व्या शतकातील फ्रेंच वास्तुविशारद फ्रांस्वा ब्लोंदेल याच्या नावाने ती ओळखली जाते. दोन चढ आणि एक पाऊल यांची बेरीज माणसाच्या सहज चालीएवढी, म्हणजे आजच्या मापात ६० ते ६४ सेंटिमीटरच्या आसपास यावी. आपल्या उदाहरणात ती ६१.७ येते. उत्तम!

हा जिना सरळ काढला तर सव्वाचार मीटर लांबी लागते, शिवाय वर आणि खाली उभे राहायला जवळजवळ एक-एक मीटर मोकळी जागा हवी. म्हणजे एकूण सुमारे ६ मीटर किंवा २० फूट. घराच्या मधून लांब पडवी किंवा बोळ जात असेल तरच हे जमते. जिना मध्ये वळवून दोन भागांत घेतला, तर पायऱ्या ९० सेंटिमीटर रुंद धरून त्याला सुमारे २.९ मीटर लांब आणि १.९ मीटर रुंद जागा पुरते. ही साठ चौरस फुटांच्या आसपास झाली, म्हणजे दहा बाय बाराची अर्धी खोली! गोल जिना याहून कमी जागेत मावतो. पण १५९१ साली बांधलेल्या चारमिनारच्या मिनारातील १४९ पायऱ्या जे चढले आहेत, त्यांना ठाऊक आहे की गोल जिन्यात आतल्या बाजूला पाऊल पुरते टेकत नाही. कपाट वर नेणे किंवा आजारी माणसाला उचलून खाली आणणे तर फारच अवघड.

खालची जागा ठरली, तरी जिना वर कुठे उघडतो ते पाहायलाच हवे. चढणाऱ्याच्या डोक्यावर किमान २.२ मीटर मोकळी उंची असावी. इथे उतरते छप्पर आडवे येते. घर ८ मीटर रुंद आणि छपराचा उतार ३० अंशांचा असेल, तर अगदी मधल्या आढ्याखाली उंची मिळते फक्त २.३ मीटर. आढ्यापासून वीत-दीड वीत बाजूला सरकले की डोके वाशाला लागण्याची धास्ती. अशा माळ्यावर सामान ठेवता येईल, राहता येणार नाही. बाजूच्या भिंती १ मीटरने उंच करून छप्पर वर घेतले, तर मध्ये सुमारे ३.८ मीटर रुंदीचा पट्टा वापरता येतो. त्या पट्ट्यातील सरासरी उंची २.७५ मीटर भरते आणि उतरत्या छपराखालच्या राहत्या खोलीला संहिता तेवढीच सरासरी मागते. कडेच्या बुटक्या जागेत कपाटे करावीत. म्हणून जिन्याचे वरचे तोंड आढ्याखालीच यावे, आणि शक्य तर शेवटच्या पायऱ्या आढ्याच्या रेषेतच चढाव्यात.

त्यानंतर पाहायची ती तुळयांची दिशा. जिन्यासाठी छतात मोठे भोक पाडावे लागते. ते तुळयांना समांतर असेल तर एखाद-दुसरी तुळई कापून भागते. आडवे पाडले तर चार-पाच कापाव्या लागतात. आणि कौलारू छपराच्या कैचीची खालची आडवी तुळई तर कधीही कापू नये. तिनेच दोन्ही बाजूंच्या भिंती ओढून धरलेल्या असतात. ती तुटली की छपराचे वजन भिंतींना बाहेर ढकलू लागते. सुतार ‘काही होत नाही’ म्हणाला तरी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे. खालचे जुने छत माणसांचे वजन पेलण्यासाठी बांधलेले नसते, हेही त्यालाच तपासू द्यावे. राहती खोली वाढवायला महानगरपालिकेची परवानगी लागते, तेव्हा नकाशा तयार करतानाच जिना त्यात दाखवावा.

जिना आत हवा की बाहेर? आपल्या शहरात वरचा ‘पोर्शन’ भाड्याने देण्याची पद्धत जुनी आहे, म्हणून पुष्कळ जण बाहेरून जिना काढतात. त्यात खालची जागा वाचते आणि गरज पडली तर भाडेही मिळते. मात्र घर आणि कुंपण यांमधली जागा नियमाने मोकळी सोडावी लागते, त्यामुळे तिथे जिना बसवण्यापूर्वी चौकशी करावी. आणखी एक विचार करावा. बाहेरच्या जिन्याने वर राहणारा मुलगा पावसात किंवा रात्री खाली जेवायला यायला कंटाळतो आणि हळूहळू घराची दोन घरे होतात. आतला जिना बैठकीतून किंवा स्वयंपाकघराजवळून निघाला, तर येणारे-जाणारे एकमेकांना दिसत राहतात. कोणता योग्य, हे प्रत्येक घराने ठरवावे. पण भोक पाडण्यापूर्वी ठरवावे.

अनेक घरांत वास्तुशास्त्र पाळतात. त्यात साधारणपणे ईशान्य कोपरा आणि घराचा मध्य टाळून दक्षिण, पश्चिम किंवा नैर्ऋत्य बाजू सांगतात. तुळया आणि आढे यांच्याशी ते जुळत असेल तर चांगलेच. जुळत नसेल तर कैची कापून दिशा साधू नये.

आपल्या उन्हाळ्याचेही भान ठेवावे. मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो आणि कौलांखाली तर भट्टीच होते. गरम हवा जिन्यातून वर चढते, म्हणून जिन्याच्या माथ्याशी उघडझाप करता येणारी खिडकी ठेवावी. ती हवा बाहेर गेली तर खालचेही घर थोडे निवते, आणि पायऱ्यांवर उजेड पडतो. कठडा दोन्ही मजल्यांवर मजबूत असावा, आणि पायऱ्या सर्व एकसारख्या असाव्यात. एकच पायरी दोन सेंटिमीटरने उंच असली तरी ठेच तिथेच लागते.

शेवटी, पालकहो, एक बिनखर्चाचा प्रयोग. एका रविवारी खडू आणि टेप घेऊन मुलांसह जमिनीवर जिन्याची खरी जागा आखा आणि आठवडाभर ती तशीच ठेवा. त्या चौकटीत पाय न ठेवता घरात वावरून पाहा. देव्हारा, फ्रीज, आजीची खाट यांच्या वाटेत ती येते का, ते आपोआप कळेल. मुलांनी शाळेच्या पायऱ्याही मोजाव्यात आणि त्या घरच्या पायऱ्यांपेक्षा ठेंगण्या का, याचे कारण शोधून वर्गात सांगावे. आणि जिना कुठे बसवायचा यावर घरातील सर्वांत वयस्कर माणसाचे मत सर्वांत आधी विचारावे, कारण त्या जिन्याची खरी परीक्षा त्यांचेच गुडघे घेणार आहेत.