बिळांतल्या कोळ्याचें घर

आपल्या पश्चिम घाटांत आढळणारा ‘किलोब्राकिस फिंब्रिॲटस’ हा मोठा केसाळ कोळी परदेशांतहि हौसेनें पाळतात. पोकॉक या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १८९९ सालीं त्याचें वर्णन केलें. तो बिळांत राहणारा. म्हणून त्याच्या कांचपेटींत माती पुष्कळ हवी, मोकळी जागा थोडी. निदान वीतभर माती दाबून भरावी. झांकण उंच ठेवूं नये, कारण कांचेवर चढून तो पडला तर मऊ पोट फुटून प्राणास मुकतो. आमच्या कामठीकडची काळी माती वाळली कीं भेगाळते. तींत काथ्याचा भुसा मिसळावा. तळ किंचित् ओलसर असावा. कोळी सोडण्यापूर्वीं काडीनें बीळ सुरू करून द्यावें. पुढें खणणें व रेशमाचें अस्तर त्याचें काम. मग तो आठवडेच्या आठवडे दिसत नाहीं. तरीहि उकरूं नये (मुलांना हीच अट कठीण जाते!), आंत तो कात टाकीत असल्यास धक्क्यानेंहि दगावतो.