मराठी लघुसंदेशाला सत्तर जागांची मर्यादा

'औरंगाबाद'चे २०२३ मध्ये 'छत्रपती संभाजीनगर' झाले, तेव्हा शासकीय कागदपत्रांबरोबरच मोबाइलवर लघुसंदेश पाठविणाऱ्या संगणक प्रणालींनाही बदल करावे लागले.

इंग्रजी लघुसंदेशात १६० अक्षरे मावतात. देवनागरीत केवळ ७० जागा मिळतात. काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलंत यांची स्वतंत्र जागा मोजली जाते. त्यामुळे 'औरंगाबाद'ला ८ जागा पुरत. नव्या नावाला मधल्या मोकळ्या जागेसह १७ लागतात. मजकूर सत्तरीपलीकडे गेला की संदेशाचे ६७ जागांचे भाग पडतात आणि खर्चही त्या प्रमाणात वाढतो.

दुसरी अडचण नियमांची. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे 'ट्राय'च्या, २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक संदेशाचा साचा आधी नोंदवावा लागतो. मजकूर साच्याशी जुळला नाही, तर संदेश अडविला जातो. ८ मार्च २०२१ रोजी ही तपासणी सुरू होताच देशभर बँकांचे 'ओटीपी' खोळंबले आणि दुसऱ्याच दिवशी 'ट्राय'ने ती सात दिवसांसाठी स्थगित केली. साच्याच्या ठरीव मजकुरात शहराचे जुने नाव असेल, तर नव्या नावासाठी पुन्हा मंजुरी घ्यावी लागते.

प्रणाली तयार करणाऱ्यांची चिंता येथेच आहे. संदेश क्लाउड सेवेकडून दूरसंचार कंपनीमार्गे ग्राहकापर्यंत जातो. पडद्यावर 'पाठविला' असा शेरा दिसला, तरी तो पोहोचल्याची खात्री नसते. संदेश नेमका कोठे अडला हे सांगणारी नोंद आणि देवनागरीतील अडचण जाणणारा साहाय्य कक्ष मिळेल काय, हे करारापूर्वीच विचारावे. पाण्याची पाळी कळविणारा संदेश नळ बंद झाल्यावर आला, तर तो व्यर्थच ठरतो.