घरची एस्प्रेसो: मशीनपेक्षा दळण महत्त्वाचं

गोवंडीतल्या घरात हौसेनं एस्प्रेसो मशीन आणलं आणि कॉफी कधी आंबट, कधी कडूजहर निघू लागली, की पहिला राग मशीनवर निघतो. बहुतेक वेळा खोट दळणात, बियांत किंवा मापात असते.

गैरसमज: जास्त बार, जास्त चांगली कॉफी.
वस्तुस्थिती: खोक्यावरचे १५ बार ही पंपाची कमाल ताकद आहे. कॉफीवर ९ बारच्या आसपास दाब पुरतो. मिलानच्या अकिले गाजिया यांनी १९४०च्या दशकात स्प्रिंग-लिव्हरचं मशीन आणलं, तेव्हापासून एस्प्रेसोचं गणित याच दाबाभोवती फिरतं.

गैरसमज: जाड फेस म्हणजे उत्तम कॉफी.
वस्तुस्थिती: तो फेस, म्हणजे क्रेमा, बियांतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे येतो. रोबस्टा जातीच्या बियांत तो अधिक असतो. शिवाय अनेक घरगुती मशीनची दुहेरी तळाची जाळी शिळ्या पावडरीलाही फेस आणते. तेव्हा पारख जिभेनंच करावी.

गैरसमज: फिल्टर कॉफीची पावडर चालते.
वस्तुस्थिती: तिच्यात बऱ्याचदा चिकोरी असते आणि दळणही एस्प्रेसोपेक्षा जाड असतं. साध्या जाळीतून पाणी भसकन निघून जातं. बिया घरी मिक्सरमध्ये दळल्या, तर भरड आणि भुकटी एकत्र होते. म्हणून चांगला ग्राइंडर हवाच.

दळण जमलं का, हे काट्यावर कळतं. १८ ग्रॅम कॉफी घ्या, २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास एस्प्रेसो मिळाली पाहिजे. आधी काळसर थेंब, मग मधासारखी दाट धार, शेवटी ती फिकट होते. १५ सेकंदांतच कप भरला आणि चव आंबट लागली, तर दळण बारीक करा. ४५ सेकंद लागले आणि कडवटपणा आला, तर थोडं जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

गैरसमज: बिया फ्रिजमध्ये टिकतात.
वस्तुस्थिती: रोज उघडझाप होणाऱ्या डब्यात ओल आणि मसाल्यांचा वास शिरतो. मॉन्सून मलबार या कॉफीसाठी पश्चिम किनाऱ्यावर कच्च्या बिया मुद्दाम पावसाळी वाऱ्यात फुगवतात. भाजलेल्या बियांना मात्र तीच दमट हवा मारक ठरते. भाजल्याची तारीख पाहून थोड्याच बिया आणा, आठवडाभर मुरू द्या, हवाबंद डब्यात अंधारात ठेवा आणि लागतील तेवढ्याच दळा. पावसाळ्यात दळण पुन्हा जुळवावं लागलं, तर नवल नाही.

गैरसमज: आरओचं पाणी सर्वांत चांगलं.
वस्तुस्थिती: चव उतरायला पाण्यात थोडे क्षार लागतात. भातसा, वैतरणा, तानसा या तलावांतून येणारं मुंबई महापालिकेचं पाणी मुळातच मृदू आहे. साधं गाळून घेतलं तरी भागतं. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी जड असेल, तर मात्र बॉयलरमध्ये क्षार साचतात. तिथे आरओचं पाणी मिसळून घ्या.

मशीन नवं घ्यायचा विचार असेल, तर आधी तेच पैसे ग्राइंडरवर, ताज्या बियांवर आणि एका डिजिटल काट्यावर घाला. साध्या मशीनमधूनही मग मन लावून प्यावी अशी एस्प्रेसो निघते.