हिवाळी टायर आणि रिम : पैसे नेमके कुठे घालायचे?

(जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आज विषय अगदी घरगुती आहे. ऑक्टोबर लागला की इथे प्रत्येक घरात एक प्रश्न येतो : ‘अहो, टायर बदलायचे का? आणि बदलायचे तर किती खर्च करायचा?’

माझा पहिला हिवाळा सांगतो. सेकंडहँड गाडी घेतली होती, टायर उन्हाळी, पण नक्षी चांगली खोल. मला वाटलं, पुण्यात पावसाळ्यात टक्कल पडलेल्या टायरवर लोक घाट चढतात, मग आपल्याला काय होतंय? डिसेंबरात श्वेबिश आल्बच्या एका उतारावर ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. मागच्या सीटवर मुलगी होती. गाडी कडेच्या बर्फाच्या ढिगात रुतली, म्हणून आज हे हसत सांगतोय. त्या दिवशी एक गोष्ट कळली. ब्रेक कितीही चांगले असोत, रस्त्याला टेकलेला असतो तो फक्त टायर, आणि तोही चाकामागे पोस्टकार्डाएवढा.

आता हे का होतं ते बघू. आपल्याकडे थंडीत बाटलीतलं खोबरेल तेल घट्ट होतं ना? रबर तसं गोठत नाही, पण थंडीत कडक नक्कीच होतं. उन्हाळी टायरचं मिश्रण गरम रस्त्यासाठी बनवलेलं असतं. थंडी वाढली की ते रस्त्याच्या बारीक खाचांत दबून बसत नाही. हिवाळी टायरचं मिश्रण थंडीतही मऊ राहतं. लोक ७ अंशांचा आकडा सांगतात. तो ढोबळ अंदाज आहे. ७ ला जादू होते असं नाही.

दुसरी गोष्ट नक्षीची. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. मोठ्या खाचांत बर्फ दाबून भरतो, आणि ताज्या बर्फाला बर्फच सगळ्यात चांगला धरतो. मुलं बर्फाचा गोळा करतात तेव्हा हेच तर होतं.

फरक किती पडतो? साधं गणित करू. वेग ताशी ५० कि.मी., म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. दाबलेल्या बर्फावर घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर ब्रेक लागल्यापासून गाडी ३३ मीटरांत थांबते. तो निम्मा, ०.१५ झाला, की अंतर दुप्पट, ६६ मीटर. झेब्रा क्रॉसिंग ४० मीटरांवर असेल तर पुढचं मी सांगायला नको.

आता कायदा. जर्मनीत तारखेची सक्ती नाही, परिस्थितीची आहे. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ, हिमकडा किंवा गोठलेलं दंव असेल तर हिवाळ्याला योग्य टायर हवेतच. लोक ‘ओ ते ओ’ म्हणतात, म्हणजे ऑक्टोबर ते ऑस्टर्न, ईस्टरपर्यंत. पण ती फक्त लक्षात ठेवायची खूण. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह बघा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं ‘एम+एस’ चालत नाही. नियम मोडला तर दंड ६० युरोपासून, वर एक पॉइंट. अपघात झालाच तर विमा कंपनी भरपाई कमी करू शकते, ते वेगळंच.

आता मुख्य मुद्दा : साइज. समजा तुमच्या गाडीला २२५/४५ आर १७ आहे. २२५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ४५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, आणि १७ इंच रिम. चाकाचा पूर्ण व्यास ६३४ मि.मी. आता २०५/५५ आर १६ चं गणित करा : ६३२ मि.मी. जवळजवळ तेवढाच! म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही, रिम मात्र लहान होते. लहान रिमचे टायर बहुतेक वेळा स्वस्त, बाजू उंच असल्याने खड्ड्यात रिमला मार कमी, आणि अरुंद टायर ताज्या बर्फात खाली दबून बसतो. हिवाळ्यात रुंद टायरची ऐट नको.

पण थांबा, लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरवर बसते का? हे अंदाजाने ठरवायचं नाही. नोंदणीपत्रावर सहसा एकच साइज असते. बाकीच्या चालणाऱ्या साइज गाडीच्या सीओसी कागदावर मिळतात. रिम घेताना चार गोष्टी जुळायला हव्यात : बोल्टची संख्या आणि वर्तुळ, मधल्या भोकाचा व्यास, रिमची रुंदी आणि ऑफसेट. ‘पाच बोल्ट आहेत, बसेल’ असं म्हणून जुनी रिम उचलू नका. बोल्टही तपासा. काहींचं डोकं शंकूसारखं असतं, काहींचं गोल. चुकीचं लावलं तर चाक ढिलं होतं.

स्टीलची रिम की अलॉय? माझं मत विचाराल तर हिवाळ्याला स्टील. मीठ टाकलेल्या रस्त्यावर ती दिसायला वाईट होईल, पण काम करील. वाचलेले पैसे टायरवर घाला. टायर रिमसकट वेगळे ठेवले की दर सहा महिन्यांनी रबर उपसून चढवायचा खर्चही वाचतो. गाडीत हवेच्या दाबाचे सेन्सर असतील तर दुसऱ्या सेटलाही ते लागतील. हा खर्च आधीच धरा.

एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे : ‘गाडी पुढच्या चाकांवर चालते, मग पुढचेच दोन बदलले तर?’ नको! पुढची चाकं धरतील, मागची निसटतील आणि वळणावर गाडी गिरकी घेईल. चारही बदला.

आणि जुने टायर? घेऊ शकता, पण डोळे उघडे ठेवून. बाजूला चार आकडे असतात. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. नक्षी कायद्याने १.६ मि.मी. चालते, बर्फाला मात्र ४ तरी हवी. एक युरोचं नाणं खाचेत घाला. त्याची सोनेरी कड ३ मि.मी. आहे, ती पूर्ण बुडून वर थोडी नक्षी उरली पाहिजे.

शेवटचं. चाकं बदलल्यावर ५० ते १०० कि.मी. नंतर बोल्ट पुन्हा आवळा. तापमान १० अंशांनी उतरलं की हवा साधारण ०.१ बार कमी होते, म्हणून थंडीत दाब तपासत राहा. आणि उत्तम टायर लावूनही अंतर ठेवा. उघड्या, गुळगुळीत बर्फावर कुठलाच रबरी टायर चमत्कार करत नाही.

त्या संध्याकाळी मुलीने विचारलं होतं, ‘बाबा, गाडी ऐकत का नव्हती?’ उत्तर द्यायला मला एक हिवाळा लागला. तुम्हाला तो लागू नये, एवढंच.