इंग्रजी वाचायचा कंटाळा येतो? मोबाईलवर अशी लावा वाचनाची गोडी

मी विरारचा. बारावीपर्यंत मराठी मीडियम. एफवायला असताना वर्गात इंग्रजी उतारा मोठ्याने वाचायला सांगितला आणि मी तिसऱ्याच ओळीत अडकलो. मागचे बाक हसले. मग जिद्दीने रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाचायला घेतला, कठीण शब्द वहीत उतरवले. दोन आठवड्यांत वही बंद!

मेहनत कमी पडली नव्हती. वाचायला घेतलेली गोष्टच चुकीची होती.

नेमकं कुठे चुकतं?

हू आणि पॉल नेशन या अभ्यासकांनी २००० साली दाखवलं की, मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे २५० शब्दांच्या पानावर नवे शब्द फक्त ५. अग्रलेखात मी एकेका परिच्छेदातच पाच ठिकाणी अडत होतो. मग मजा येणार कशी?

फिजी बेटांवर १९८०च्या सुमारास गावातल्या शाळांमध्ये वर्गावर्गात इंग्रजी गोष्टींची २५० पुस्तकं ठेवली होती. ती मुलं वाचनात नेहमीच्या जवळपास दुप्पट वेगाने पुढे गेली. ती प्राथमिक शाळेतली होती हे खरं, पण सोपं आणि भरपूर वाचायचं, हे सूत्र आपल्यालाही लागू पडतं.

वसईतला माझा एक मित्र घरी कादोडी बोलतो. पुस्तकी मराठी त्याला चंपक, ठकठक वाचून आली. म्हणजे घरात न बोलली जाणारी भाषा आवडीने वाचत शिकणं, हे त्याने एकदा केलंच आहे. इंग्रजीलाही तेच करायचं.

चला, सुरुवात करूया

१. स्टोरीवीव्हर: प्रथम बुक्सची ही वेबसाइट २०१५ पासून मोफत आहे. गोष्टी लेव्हल १ ते ४ अशा लावलेल्या असतात. अनेक गोष्टी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत मिळतात. आधी मराठीत वाचा, मग तीच इंग्रजीत. लहान मुलांचं आहे म्हणून लाजू नका, मोबाईलमध्ये कोण बघतंय?

२. प्रोजेक्ट गुटेनबर्ग: कॉपीराइट संपलेली हजारो पुस्तकं इथे फुकट मिळतात. पण सांभाळून, जुनी पुस्तकं म्हणजे बऱ्याचदा जड इंग्रजी. मी १९०० सालचं 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ' निवडलं, कारण ते मुलांसाठी लिहिलेलं आणि भाषा सोपी. ईपब फाइल डाउनलोड करून गूगल प्ले बुक्समध्ये उघडा.

३. प्ले बुक्सची सेटिंग: अक्षरं मोठी करा. व्हॉल्यूम बटणाने पान उलटायचा पर्याय चालू करा. विरार लोकलमध्ये एक हात वरच्या कडीला असतो, तेव्हा हे फार कामी येतं. एखादा शब्द दाबून धरला की अर्थ दिसतो.

माझे तीन नियम

- पहिल्या पानावर बोटं मोजा. पाचपेक्षा जास्त शब्द अडले तर पुस्तक बदला.
- प्रत्येक शब्दाचा अर्थ बघू नका. गोष्ट अडली तरच बघा.
- कंटाळा आला की पुस्तक सोडा. इथे परीक्षा नाही.

विरार ते अंधेरी जाता-येता मी ते पुस्तक संपवलं. लगेच फाडफाड इंग्रजी बोलायला लागलो का? नाही. बोलण्यासाठी बोलण्याचीच प्रॅक्टिस लागते. पण इंग्रजी पान समोर आलं की आता पोटात गोळा येत नाही, आणि पुढच्या पानावर काय होणार याची उत्सुकता असते.

तर मग, आज घरी वाय-फाय असतानाच एक पुस्तक डाउनलोड करून ठेवा. उद्याच्या लोकलमध्ये रील्स उघडण्याआधी त्याची फक्त दोन पानं वाचून बघा.