शुक्राची चांदणी आणि इश्तारचे सिंहासन

शुक्र संध्याकाळी दिसण्याचे दिवस असले, की सूर्यास्तानंतर पश्चिमेकडे एक ठळक चांदणी नजरेत भरते. मुंबई-पुण्याच्या दिव्यांच्या झगमगाटालाही ती पुरून उरते. आपल्या पुराणांतील शुक्र हा पुरुष. दैत्यांचा गुरू, संजीवनी विद्या जाणणारा. बोलताना मात्र आपण सहज ‘शुक्राची चांदणी’ म्हणतो आणि त्या दैत्यगुरूला स्त्रीलिंगी करून टाकतो. या ग्रहाच्या वाट्याला असा दुहेरीपणा आला आहे तो आजचा नव्हे. त्याचा माग किमान पाच हजार वर्षे मागे, आजच्या इराकमधील उरुक या नगरापर्यंत काढता येतो.

उरुकची अधिष्ठात्री देवता इनान्ना. तेथे सापडलेल्या अतिप्राचीन मृत्तिकापट्टिकांवर ‘सकाळची इनान्ना’ आणि ‘संध्याकाळची इनान्ना’ असे स्वतंत्र उल्लेख आढळतात. पुढे बॅबिलोनी लोकांनी तिला इश्तार म्हटले. प्रणयाची देवता तीच आणि युद्धाचीही तीच. चंद्रदेव सिन हा तिचा पिता, सूर्यदेव शमाश हा बंधू. बॅबिलोनी सनदशिळांवर, म्हणजे जमिनीच्या दानाची नोंद कोरलेल्या दगडांवर, सूर्यबिंब आणि चंद्रकोर यांच्या शेजारी आठ टोकांची एक तारका कोरलेली दिसते. ती इश्तारची खूण होय.

प्रणय आणि युद्ध ही विसंगत खाती एकाच देवीकडे का दिली गेली असावीत, याचे उत्तर बऱ्याच अंशी आकाशातच आहे. शुक्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या आत असल्याने तो सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपेक्षा अधिक दूर कधीच दिसत नाही. साडेआठ-नऊ महिने तो संध्याकाळी तळपतो, मग सूर्यतेजात काही दिवस लुप्त होतो आणि एके पहाटे पूर्वेला अवतरतो. पहाटेची तेवढीच कारकीर्द संपली, की साधारण दोन महिन्यांसाठी पुन्हा अंतर्धान. हे सारे चक्र सुमारे ५८४ दिवसांचे. दोन्ही वेळची चांदणी एकच आहे हे बॅबिलोनी लोकांनी फार लवकर ओळखले होते. त्यांच्या काही लेखांत तर संध्याकाळचा शुक्र स्त्री आणि पहाटेचा पुरुष मानला आहे. इनान्ना पाताळात उतरते, सात दरवाजांवर एकेक अलंकार उतरवून देते, मृत होते आणि पुन्हा वर येते, ही सुमेरी कथा शुक्राच्या अस्तोदयावरच बेतलेली असावी असे काही अभ्यासक मानतात. तर्क मोहक आहे. पण कथेत तसे कोठेही स्पष्ट म्हटलेले नाही, हेही ध्यानात ठेवावे.

देवीचे गुप्त होणे ही राज्याच्या दृष्टीने गंभीर बाब. त्यामुळे तिच्यावर पाळत ठेवली गेली आणि त्या पाळतीतून जगातील सर्वांत जुन्या ग्रहनिरीक्षणांपैकी एक आपल्या हाती आले. निनेव्हे येथील असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयात मिळालेली आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली एक पट्टिका ‘एनुमा अनू एन्लिल’ या शकुनग्रंथाचा ६३ वा भाग आहे. पट्टिका इ.स.पू. सातव्या शतकातील नक्कल असली, तरी तिच्यातील नोंदी तिच्याहून सुमारे हजार वर्षे जुन्या. अकराव्या महिन्याच्या १५ व्या दिवशी शुक्र पश्चिमेस लुप्त झाला, तीन दिवस दिसला नाही, १८ व्या दिवशी पूर्वेस उगवला. फळ काय, तर पर्जन्य आणि राजाराजांमध्ये सलोखा. अशा २१ वर्षांच्या नोंदी. त्यांत मध्येच ‘सुवर्ण सिंहासनाचे वर्ष’ असा एक उल्लेख येतो. हे हम्मुराबीनंतरचा चौथा राजा अम्मीसदुका याच्या कारकीर्दीचे आठवे वर्ष, हे फ्रान्झ झेवर कुग्लर या विद्वानाने १९१२ मध्ये ओळखले.

शकुनासाठी लिहिलेल्या या नोंदींवरून मग बॅबिलोनची कालगणना ठरवण्याचे प्रयत्न सुरू झाले. अडचण अशी, की शुक्राची पाच चक्रे आणि आपली आठ वर्षे जवळजवळ बरोबर जुळतात. त्यामुळे तेच दृश्य पुनःपुन्हा दिसते आणि ५६ किंवा ६४ वर्षांच्या अंतराने एकाहून अधिक उत्तरे संभवतात. अम्मीसदुकाच्या राज्यारोहणासाठी इ.स.पू. १७०२, १६४६ आणि १५८२ अशी तीन वर्षे पुढे आली, ती यामुळेच. अनातोलियातील प्राचीन लाकडांच्या वर्षवलयांवर आधारित २०१६ मधील अभ्यासाने कौल दिला तो मधल्या गणनेच्या बाजूने. हम्मुराबीचा काळही याच हिशेबावर अवलंबून आहे.

महासागरापलीकडे, मध्य अमेरिकेतील माया लोकांनी याच ग्रहात कोमल असे काही पाहिले नाही. त्यांचा शुक्र, ‘चाक एक’ म्हणजे थोर तारा, पहाटे प्रथम उगवताना भाला फेकतो आणि कोणाचा तरी बळी घेतो. ड्रेस्डेन येथे जतन केलेल्या माया पोथीत शुक्राच्या चक्राचे २३६, ९०, २५० आणि ८ दिवस असे चार भाग पाडले आहेत. बेरीज अचूक ५८४! प्रत्यक्षात पहाटेचा आणि संध्याकाळचा काळ जवळपास सारखाच असतो, हे पुजाऱ्यांना दिसत नव्हते असे मानणे कठीण. तरीही धार्मिक हिशेबासाठी त्यांनी हेच आकडे ठेवले. ६५ चक्रे म्हणजे ३६५ दिवसांची १०४ वर्षे, आणि त्यात साचणारी चूक काढण्याची सोयही त्यांनी करून ठेवली होती. डिएगो दे लांदा या धर्मोपदेशकाने १५६२ मध्ये युकातानमधील मानी येथे माया पोथ्यांची होळी केली. अशा पोथ्यांपैकी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. ही त्यांतली एक.

ग्रीकांनी इश्तारच्या जागी आफ्रोदितेला बसवले, रोमनांनी व्हीनसला. आपल्याकडे देवी आली नाही, पण पाळत मात्र आहे. शुक्राचा अस्त पंचांगात आजही छापलेला असतो, त्या काळात लग्नाचे मुहूर्त परंपरेने टाळतात आणि मुलाकडची मंडळी अडून बसली तर गौण काळातला मुहूर्त शोधतात.

दाट ढगांखालचा शुक्र रडारच्या साहाय्याने तपशिलात पाहिला तो मॅगेलन यानाने, १९९० नंतर. तेथील भूरूपांना देवींची व स्त्रियांची नावे देण्याचा संकेत आहे. उत्तरेकडील मोठ्या उंच प्रदेशाचे नाव ‘इश्तार’ आणि त्याच प्रदेशातील विस्तीर्ण पठाराचे नाव ‘लक्ष्मी’. विषुववृत्ताजवळ सुमारे ३४ किलोमीटर व्यासाचे एक विवर आहे. त्याला ‘जोशी’ हे नाव आहे, ते १८८६ मध्ये फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी मिळवून परतलेल्या आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी पुण्यात निधन पावलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे.