बर्फाचं वेळापत्रक

तीन्य, फ्रान्स. फेब्रुवारीअखेर.

फ्रान्समधल्या शाळांना हिवाळ्याची दोन आठवड्यांची सुट्टी मिळते, पण सगळ्यांना एकदम नाही. देशाचे ए, बी, सी असे तीन विभाग पाडलेले आहेत. पॅरिस आणि तुलूझ एका विभागात, लियों आणि बोर्दो दुसऱ्यात, मार्सेय, लील, स्त्रासबूर तिसऱ्यात. प्रत्येकाची सुट्टी थोडी पुढेमागे सुरू होते, त्यामुळे देशभर मिळून ती चार आठवडे पुरते. यंदा कोणाचा विभाग आधी, हे शिक्षण खातं जाहीर करतं, आणि त्या तक्त्याची वाट पालकांइतकीच डोंगरातले हॉटेलवाले आणि स्कीचे शिक्षकही पाहतात. सगळी शहरं एकाच आठवड्यात आल्प्सवर चढली तर घाट तुंबतील आणि पुढचे तीन आठवडे खोल्या ओस पडतील. म्हणून मुलांची सुट्टी बर्फाच्या धंद्याशी उघडउघड जुळवून घेतलेली आहे, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

स्की म्हणजे श्रीमंतांचा शौक, असं आपल्याकडे मानलं जातं. पैसा लागतोच, त्याबद्दल पुढे लिहितो. पण कुटुंबानं आठवडाभर बर्फात जाऊन राहायची ही जी पद्धत फ्रान्समध्ये रुजली, ती बरीचशी सरकारनं घडवली आहे. पगारी रजेचा कायदा 1936 चा, तेव्हा दोन आठवडे. 1982 साली तो पाचव्या आठवड्यापर्यंत आला, आणि हा पाचवा आठवडा अनेक घरांत हिवाळ्यासाठी राखून ठेवतात. त्याच वर्षी नोकरदारांना सुट्टीसाठी मालकाच्या मदतीनं मिळणारे धनादेशही सुरू झाले. कायदे, शाळा आणि डोंगर यांची ही सांगड पाहायची तर आल्प्समधल्या तीन्यसारखी जागा नाही.

लियोंमधल्या आमच्या शेजाऱ्यांबरोबर आम्ही इथं आलो आहोत. त्यांची दोन मुलं, आजी, आणि आमची सात वर्षांची मुलगी. इथली भाड्याची घरं शनिवार ते शनिवार मिळतात, त्यामुळे एकाच दिवशी अर्धी जनता डोंगर उतरत असते आणि उरलेली चढत असते. कोणत्या दिवशी किती कोंडी होईल ते सरकारी वाहतूक सेवा हिरव्या, नारिंगी, लाल, काळ्या रंगात आधीच सांगते. साव्हुआ या इथल्या प्रांतातल्या खोऱ्यांतले फेब्रुवारीतले शनिवार सहसा हिरवे नसतात. डोंगराळ भागात 1 नोव्हेंबर ते 31 मार्च गाडीला हिवाळी टायर हवेत, नाहीतर डिकीत साखळ्या हव्यात. आमच्या शेजाऱ्यांच्या डिकीत साखळ्यांच्या वर बटाटे, चीज, पास्ता असा आठवड्याचा शिधा होता. वरच्या दुकानांत सगळंच महाग, म्हणून फ्रेंच कुटुंबं वाणसामान खालूनच भरून नेतात.

बूर-सां-मोरिस हे शेवटचं रेल्वे स्थानक. तिथून रस्ता इझेर नदीच्या कडेनं चढत जातो आणि तीन्यकडे वळताना एका धरणाच्या माथ्यावरून जातो. धरणाची उंची 180 मीटर. फ्रान्समध्ये याहून उंच धरण नाही. आमच्या गाडीतल्या आजींनी इथं गाडी थांबवायला लावली. मुलांना गोठलेला तलाव दाखवून त्या म्हणाल्या, खरं तीन्य याच्या खाली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सला विजेची भूक लागली होती. राष्ट्रीय वीज कंपनी 1946 साली स्थापन झाली आणि लगोलग या खोऱ्यात काम सुरू झालं. जुनं तीन्य सुमारे साडेसोळाशे मीटरवर, आपल्या कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर, गाई पाळून जगणारं गाव होतं. लोकांनी कज्जे केले, कामात अडथळे आणले. सरकारनं सशस्त्र पोलीस पाठवले. 1952 च्या वसंतात पाणी चढू लागलं तरी काहीजण घर सोडायला तयार नव्हते. त्यांना बाहेर काढावं लागलं. थडगी उकरून पूर्वजांच्या अस्थी वरच्या अंगाला नव्या दफनभूमीत नेल्या. जुन्या चर्चची हुबेहूब प्रतिकृती वर बांधली. रिकाम्या घरांना सुरुंग लावले. पुढे धरणाच्या तपासणीसाठी दर दहा वर्षांनी तलाव रिकामा करत, तेव्हा गाळातून भिंतींचे पाये दिसायचे आणि जुनी माणसं ते बघायला यायची. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि धरणात गेलेल्या गावांची माणसं तिथं जमतात, तसंच हे. 2000 साली तलाव शेवटचा रिकामा झाला. आता पाण्याखाली यंत्रमानव उतरवून तपासणी होते.

इथल्या नकाशात या बुडालेल्या गावाला फारशी जागा नाही, आणि मला ते खटकतं. आज तीन्य म्हणून जे ओळखलं जातं ते याच्या वर 2100 मीटरवर, एका नैसर्गिक तळ्याकाठी, विस्थापितांपैकी काहींनी हट्टानं पुन्हा मांडलेलं गाव आहे. कुरणं गेली होती, उरला होता बर्फ. त्याच्यावरच पोट भरायचं ठरलं.

सरकारचीही तीच दिशा होती. 1964 पासून 'प्लां नेज' या नावाची बर्फ-योजना राबवली गेली. गावापासून दूर, झाडं संपतात त्याच्याही वर, कोऱ्या जमिनीवर अख्खी वसाहत उभारायची. रस्ता, माणसांना डोंगरावर नेणारे पाळणे, घरं यांचा आराखडा एकत्र करायचा. परदेशी पाहुण्यांकडून परकीय चलन मिळवायचं आणि ओस पडत चाललेल्या डोंगराला रोजगार द्यायचा. 1977 साली राष्ट्राध्यक्ष व्हालेरी जिस्कार देस्तें यांनी या बेफाम बांधकामाला आवर घालण्याची घोषणा केली आणि 1985 मध्ये पर्वत कायदा आला. तोवर तीन्यमधल्या व्हाल क्लारे या वस्तीचे उंच मनोरे उभे राहिले होते. ते सुंदर नाहीत. पण पायात स्की चढवून दारातून थेट उतारावर जाता येतं, संध्याकाळी उतारावरून थेट दारात येता येतं, आणि लहान मुलं बरोबर असताना या सोयीचं मोल मोठं आहे.

आमचं बिऱ्हाड मुंबईतल्या एका खोलीएवढं. दाराशेजारच्या कोनाड्यात दुमजली खाटा, भिंतीत मुडपून जाणारा पलंग, दोन शेगड्या. रात्री टेबलावर राक्लेतची छोटी भट्टी ठेवतात, चीज वितळलं की उकडलेल्या बटाट्यावर ओढून घेतात, आणि ओले हातमोजे हीटरवर वाळत असतात. चीज याच खोऱ्यातलं. बोफोर हे इथलं मानाचं चीज तारीन आणि आबोंदांस जातीच्या गाईंच्या दुधाचं. त्याची एक चकती चाळीस किलोच्या आसपास भरते. उन्हाळ्यात गाई राखणारी माणसं हिवाळ्यात पाळण्यावर किंवा स्कीच्या शाळेत काम करतात, ही पद्धत अजून शिल्लक आहे.

आणि स्कीची शाळा! सकाळी नऊला लाल जाकिटातले शिक्षक येतात. फ्रेंच स्की शाळा 1945 च्या सुमारास संघटित झाली. एमिल आले या खेळाडूनं 1937 च्या शामोनीच्या जागतिक स्पर्धेत सुवर्णपदकं मिळवली होती. दोन्ही स्की समांतर ठेवून वळण्याची फ्रेंच पद्धत त्याच्या नावाशी जोडलेली आहे. पण लहान मुलांची सुरुवात समांतर स्कींनी होत नाही. तीनचार वर्षांची पोरं पियू-पियू वर्गात बसतात. तिथं कुंपण घातलेलं अंगण, सरकता पट्टा आणि रंगीत कमानी असतात. मग पायऱ्या लागतात: उर्सों म्हणजे अस्वलाचं पिल्लू, फ्लोकों म्हणजे बर्फाचा कण, मग पहिला तारा, दुसरा, तिसरा, कांस्य तारा, सुवर्ण तारा. आठवडाअखेर परीक्षा होते, पदक मिळतं, आणि ते जाकिटाला टाचून मुलं खानावळीत मिरवतात. फ्रान्समध्ये मोठ्या माणसालाही विचारा, कितवा तारा होता? तो लगेच सांगतो.

आमच्या मुलीला पहिल्या दिवशी बूटच नको होते. जड, घोटा न वळणारे, चालताना खाडखाड वाजणारे. तिच्या शिक्षकानं तिला बर्फात दहा मिनिटं नुसतं पडायला आणि उठायला लावलं. बाकीची मुलंही पडली. पडणं हाच पहिला धडा आहे, हे कळल्यावर तिचा चेहरा सुटला. कोणी आईबाप कुंपणाशी थांबून सूचना करत नव्हते. इथं मूल शिक्षकाच्या ताब्यात दिलं की पालक निघून जातात. ही शिस्त मला फार आवडली.

उतारांना हिरवा, निळा, लाल, काळा असे चढत्या कठीणपणाचे रंग असतात. शेजारच्या व्हाल दिझेरसह इथं सुमारे 300 किलोमीटरचे उतार आहेत. ग्रेनोबलच्या 1968 च्या ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकणारा जां-क्लोद किली त्याच गावात वाढला, आणि बराच काळ हा सगळा टापू त्याच्या नावानंच ओळखला जाई. पाळण्यांची तंत्रविद्या ही फ्रान्सची मोठी कमाई. आपल्या गुलमर्गचा गोंडोलाही पोमा या फ्रेंच कंपनीनं उभारलेला आहे. इथं व्हाल क्लारेहून डोंगराच्या पोटातल्या साडेतीन किलोमीटर बोगद्यातून 1993 पासून रेल्वे चालते. ती काही मिनिटांत 3032 मीटरवर सोडते. तिथून पाळणा 3456 मीटरवर, ग्रांद मोतच्या हिमनदीपर्यंत. वर हवा समुद्रसपाटीपेक्षा एकतृतीयांशानं विरळ; चार पावलांत धाप लागते. बर्फावरून ऊन उलटून येतं, म्हणून ढगाळ दिवशीही मुलांच्या नाकाला मलम आणि डोळ्यांना काळा चष्मा.

रात्री बर्फ पडला की पहाटे स्फोट ऐकू येतात. शिखरांवर बसवलेल्या नळ्यांत प्रोपेन आणि ऑक्सिजनचं मिश्रण पेटवून साचलेला बर्फ माणसं येण्याआधीच पाडून टाकतात. मुलं कूस बदलून झोपतात. यामागचा इतिहास वाईट आहे. 10 फेब्रुवारी 1970 च्या सकाळी व्हाल दिझेरला न्याहारीला बसलेल्या तरुणांच्या वसतिगृहावर हिमलोट कोसळला आणि 39 जण गेले. पुढच्या वर्षी देशपातळीवर हिमलोटांचा अभ्यास करणारी संस्था उभी राहिली. धोक्याचे एक ते पाच आकडे आता रोज फलकावर लागतात. तरीही 2017 च्या फेब्रुवारीत तीन्यला, राखलेल्या उतारांच्या बाहेर, चौघांचा जीव गेला. आखलेल्या उतारावर पडलात तर गस्तीचे लोक घसरगाडीवरून खाली आणतात, पण त्याचं बिल नगरपालिका तुमच्याकडे पाठवू शकते. म्हणून पाळण्यांचा पास काढताना दिवसाला तीनचार युरोंचा विमा बहुतेक जण घेतात.

एकेकाळी ग्रांद मोतवर वर्षभर स्की करता येई. आता उन्हाळ्यात काही आठवडे मिळाले तरी खूप. हिमनदी पातळ होते आहे, आणि आल्प्स जगाच्या सरासरीपेक्षा वेगानं तापत आहेत. कृत्रिम बर्फाच्या तोफांनाही थंडी लागते. पारा शून्याच्या दोनतीन अंश खाली गेल्याशिवाय त्या कामाच्या नाहीत. त्यामुळे खालच्या गावांची अवस्था बिकट आहे. जुरा पर्वतातल्या मेताबिएफनं स्कीचा कारभार टप्प्याटप्प्यानं आवरता घ्यायची योजना आखली. दक्षिण आल्प्समध्ये सेन या गावानं 2024 साली मतदान घेऊन आपले उतार बंद केले. अशा छोट्या जागीच साध्या घरची मुलं स्की शिकत. ती बंद झाली की गर्दी वर सरकते आणि वरचे भाव आणखी चढतात. उंचीवरच्या गावांना यात फायदा आहे, पण देशाचं यात नुकसान आहे असं मला वाटतं.

भाव आधीच चढे आहेत. मोठ्या माणसाचा सहा दिवसांचा पास साडेतीनशे युरोंच्या वर, शिवाय घर, बूट, स्की, मुलांची शाळा. वर्षभरात स्कीला जाणारे फ्रेंच दहात एकाच्या आसपासच आहेत. आमच्याबरोबरच्या आजी लहानपणी ज्या वाटेनं डोंगरात आल्या ती वेगळी होती. 1953 साली डॉ. माक्स फूरेस्तिए यांच्या पुढाकारानं पॅरिसजवळच्या व्हांवमधल्या शाळेतला एक वर्ग शिक्षक आणि पुस्तकांसह आल्प्समध्ये नेला होता. सकाळी अभ्यास, दुपारी बर्फ. ही 'बर्फशाळा' देशभर पसरली, आणि आजी तशाच एका वर्गातून पहिल्यांदा स्कीवर उभ्या राहिल्या. त्यांचे वडील कापडगिरणीत कामाला होते. आता अशा वर्गांचा खर्च पालिकांना झेपत नाही, आणि अनेकांनी डोंगरातली आपली वसतिगृहं विकली.

काल धरणाखालच्या ब्रेव्हिएर वाडीत पॅरिसच्या उपनगरातली पंधरावीस मुलं भेटली. त्यांच्या पालिकेनं आठवडाभराची सहल काढली आहे. शुल्क घरच्या उत्पन्नाप्रमाणे ठरतं, काही घरांना अगदी थोडं पडतं, आणि जाड विजारी, हातमोजे, शिरस्त्राणं पालिकाच पुरवते. त्यांच्यात आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांची मुलं होती, एक तमिळ मुलगाही होता. यंदा जागांपेक्षा अर्ज जास्त आले, असं त्यांच्याबरोबरच्या तरुण मार्गदर्शक बाईंनी सांगितलं. म्हणून ज्यांनी आजवर बर्फ पाहिलाच नव्हता त्यांची नावं त्यांनी आधी घेतली.